नवा प्रोसेसर, जुनी सॉफ्टवेअरं : तुमचं काय अडलं?

२०२१ च्या दिवाळीत अॅपलच्या स्वतःच्या, आर्म जातीच्या एम१ प्रोसेसरचा मॅकबुक घेतला. इंटेलसाठी लिहिलेली सॉफ्टवेअरं चालतील का, ही धाकधूक होती. बहुतेक चाललीच. पहिल्यांदा उघडताना अॅपलचं रोझेटा २ त्यांचं एम१च्या भाषेत भाषांतर करून ठेवतं, तेवढा वेळ आयकन डॉकमध्ये उड्या मारतो, पुढे पत्ताही लागत नाही. अडलं ते हार्मोनियम रेकॉर्ड करायच्या जुन्या ऑडिओ इंटरफेसवर. त्याचा ड्रायव्हर इंटेलचा, थेट कर्नलमध्ये, म्हणजे ओएसच्या गाभ्यात, बसणारा. तिथे रोझेटाची मात्रा चालत नाही. आता मॅकओएस २६ ही इंटेल मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती. तुमचे अनुभव लिहा, विंडोजवालेही या.

हिंजवडी
माझी उलटी गंमत. मॅकवर सगळं झकास. डॉकर इमेज (अॅप आणि त्याला लागणारं सगळं एका गाठोड्यात) बांधून सर्व्हरवर चढवली, तर ‘एक्झेक फॉरमॅट एरर’. सर्व्हर इंटेलचा, इमेज आर्मची! शुक्रवारी संध्याकाळी तासभर परमिशन तपासत बसलो होतो.

सांगली, डीटीपी
आम्ही २००६ चं पाहिलंय. मॅकमधला पॉवरपीसी प्रोसेसर जाऊन इंटेल आलं तेव्हाही रोझेटाच होतं, पहिलं. पण मॅकच्या जुन्या ओएस ९ ची सॉफ्टवेअरं चालवणारं ‘क्लासिक’ इंटेल मॅकवर नव्हतंच. आमचं पानं लावायचं सॉफ्टवेअर नेमकं त्यातलं, फाँटही जुन्या एन्कोडिंगचे. मजकूर नव्या मशीनवर नेला की ‘श्री’च्या जागी डॉलर. मग नवा मॅक पुढच्या टेबलावर, जुना पॉवरपीसीवाला जी४ मॅक मागच्या खोलीत. लग्नपत्रिकेचं जुनं मॅटर लागलं की पोऱ्या मागे पळायचा. मॅकच्या २०११ च्या लायन आवृत्तीत ते रोझेटाही गेलं. जी४ मात्र २०१५ पर्यंत टिकला, पंखा गिरणीसारखा घरघरत.

ठाणे, सीए
स्नॅपड्रॅगनचा (हाही आर्मच) विंडोज लॅपटॉप, २०२४. बॅटरी दिवसभर पुरते. इंटेलची सॉफ्टवेअरं विंडोजमधलं प्रिझम रोझेटासारखंच सांभाळून घेतं. पण डीएससीचा (डिजिटल सहीचा) यूएसबी टोकन लावला, ड्रायव्हर बसेना. एमसीएचा (कंपनी मंत्रालयाचा) फॉर्म, शेवटची तारीख, रात्रीचे साडेनऊ, क्लायंट फोनवर. शेवटी आर्टिकलच्या (ऑफिसातल्या शिकाऊ सीएच्या) जुन्या लॅपटॉपवर सही केली. टोकनवाला म्हणतो, “सर, इंटेलवाला घ्या ना.”

नाशिक
माझं काहीच अडलं नाही. ब्राउझर आणि एक्सेल, बास.

धागाकर्ता
ठाणेकर, तुम्हाला टोकनवाल्याचं उत्तर तरी मिळालं! सांगलीकर, जी४ मधल्या फाइली युनिकोडमध्ये आणल्यात का?

सांगली, डीटीपी
निम्म्या. उरलेल्या पत्रिकांमधल्या जोडप्यांची पोरंच आता लग्नाला आलीत.