मदत हवी आहे: 'हळू वाजव' म्हटलं की पोरं सावकाश वाजवतात

नमस्कार. खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात बालवाडीत शिकवते. 22 पोरं, वय 4 ते 5. निम्म्यांच्या घरी मराठी, काहींच्या घरी कन्नड, उरलेल्यांच्या घरी दोन्हीची खिचडी.

मोठा आवाज, लहान आवाज शिकवायला घेतलं. प्रत्येकाला एक झाकण नि एक लाकडी चमचा दिला. "जोरात!" म्हटल्यावर काय झालं ते विचारू नका, शेजारच्या वर्गातून निरोप आला. अडलं ते पुढं. "आता हळू" म्हटलं की ढाण्... ढाण्... ढाण्. दणका तोच, फक्त थांबून थांबून. एकाला दटावलं तर म्हणतो, "बाई, हळूच वाजवूलालोय की!"

आणि त्याचं काय चुकलं? "हळू चाल" म्हणजे सावकाश, मग "हळू वाजव" म्हणजे तरी दुसरं काय? कन्नड "मेल्लगे" वापरून बघितलं, त्याचेही तेच दोन अर्थ. शेवटी "बारीक आवाजात म्हणा" म्हटलं, तर एक पोरगी उंदरासारखी चिरकायला लागली. आवाज बारीक होता, पण लहान नव्हता!

तुम्ही कुठला शब्द वापरता?

प्रतिसाद 1 (निपाणी)
ताई, आधी डोळ्यांना दाखवा, शब्द मागनं बघू. डब्याच्या तोंडावर फुटका फुगा ताणून रबरानं बांधा, वर चार चुरमुरे टाका. बोटानं अलगद टिचकी मारली की ते नुसते थरथरतात, जोरात मारली की उडून खाली. पडदा जितका जास्त वर-खाली, तितका आवाज मोठा. चिरका का जाड, ते तो किती भरभर थरथरतो त्यावर, पण ते आत्ता नको. चुरमुरे जास्तीचे न्या.

प्रतिसाद 2 (बेळगाव)
वेगासाठी "सावकाश" आणि "भरभर" एवढंच ठेवा. आपल्याकडचे कन्नड लोकही सावकाशच म्हणतात, त्यामुळं कुणी अडणार नाही. आवाजाला प्रसंगाचं नाव द्या: "बाळ निजलंय" आणि "बांधावरची हाक". मग अदलाबदल करा. भरभर वाजवा पण बाळ निजलंय. सावकाश वाजवा पण बांधावरची हाक. वेग आणि जोर सुटे झाले की पोरांना आपोआप कळतं. आणि झाकण एकमेकांच्या कानाजवळ नेऊ देऊ नका हं.

धागाकर्ती
आज दोन्ही केलं. चुरमुरे प्रयोगाआधीच निम्मे गेले. "भरभर, पण बाळ निजलंय" म्हटल्यावर सगळ्यांनी चमच्याऐवजी बोटं घेतली, कुणी सांगितलं नव्हतं. तो परवाचा ढाण् ढाण् वाला एकदम म्हणाला, "बाई, पाऊस!" खरंच कौलांवर पावसाची भुरभुर लागल्यासारखं वाटत होतं. "सावकाश, पण बांधावरची हाक" मात्र अजून जमेना. जोर आला की हात पळायलाच लागतात. त्यावर काही आहे का?