वापरलेली युद्धनौका घेऊन तिच्यावर नवी शस्त्रे बसवणे : बचत की भुर्दंड?

प्रश्न | शिक्षिका, सेलू (जि. परभणी)

नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते. ‘दुसऱ्या देशाने वापरलेल्या युद्धनौका विकत घेणे राष्ट्रहिताचे आहे’ हा विषय यंदा वादविवाद स्पर्धेसाठी आमच्या मुलांना मिळाला आहे. वर्गातल्या बहुतेक मुलांनी अजून समुद्र पाहिलेला नाही, पण त्यांपैकी एकाला छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेत जायचे आहे आणि त्याचे प्रश्न मला निरुत्तर करतात. जुनी विक्रांत, विराट आणि विक्रमादित्य ही तिन्ही विमानवाहू जहाजे आपण दुसऱ्यांकडून घेतली. मग पहिल्या दोघींचे नाव आदराने घेतले जाते आणि तिसरीच्या खरेदीवर एवढी टीका का झाली, हा त्याचा पहिला प्रश्न. जुन्या जहाजावर नवे क्षेपणास्त्र आणि नवे रडार बसवले की ते जहाज नवे झाले असे म्हणता येईल का, हा दुसरा. वर्तमानपत्रांच्या कात्रणांत मला किमती सापडल्या, कारणे सापडली नाहीत. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर | निवृत्त आर्टिफिसर (नौदलातील तंत्रज्ञ), औसा (जि. लातूर)

ताई, तुमच्या विद्यार्थ्याने अगदी योग्य जागी बोट ठेवले आहे. लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजी या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात शिकून मी नौदलाच्या इंजिनरूममध्ये उमेदीची सगळी वर्षे काढली, त्यामुळे जहाजाकडे मी खालून वर पाहतो. आधी बॉयलर, मग डेक आणि सर्वांत शेवटी शस्त्रे.

या तिन्ही जहाजांना एकाच मापाने मोजू नये. विक्रांत ‘वापरलेली’ नव्हतीच. ब्रिटनमध्ये 1945 साली तिचे जलावतरण झाले, युद्ध संपल्यामुळे काम अर्धवट थांबले, 1957 मध्ये आपण ती घेतली आणि बेलफास्टच्या गोदीत तिरका डेक व वाफेवर चालणारे कॅटापल्ट (विमानाला उड्डाणासाठी ढकलणारे यंत्र) बसवून 4 मार्च 1961 रोजी ती आपल्या नौदलात आली. विराट मात्र खरोखर वापरलेली होती. ‘हर्मिस’ या नावाने ती 1959 पासून ब्रिटिश नौदलात होती आणि 1982 च्या फॉकलंड युद्धात तीच त्यांच्या ताफ्याची प्रमुख नौका होती. मे 1987 मध्ये ती आपल्याकडे आली आणि मार्च 2017 मध्ये निवृत्त झाली, म्हणजे जवळजवळ तीस वर्षे आपण ती चालवली. ज्या अवस्थेत ती ब्रिटिशांकडे चालत होती, जवळपास त्याच अवस्थेत आपण तिला चालवले, हे यात महत्त्वाचे. तिची सी हॅरियर लढाऊ विमानेही तीच आणि उड्डाणाची पद्धतही तीच.

विक्रमादित्यच्या बाबतीत जहाजाचा प्रकारच बदलायचा होता. ती मूळची रशियाची ‘गोर्शकोव्ह’. तिच्या पुढच्या डेकवर क्षेपणास्त्रांचे नळकांडे होते. ते सगळे काढून तिथे वर उचललेली धावपट्टी करायची आणि मागे मिग-29के विमान पकडणाऱ्या तारा बसवायच्या, हे काम दुरुस्तीत मोडत नाही, ती जवळजवळ नवी बांधणीच होते. जानेवारी 2004 मध्ये करार झाला तेव्हा जहाज फुकट आणि कामाचे सुमारे 97 कोटी डॉलर असा हिशेब होता. 2010 पर्यंत तो आकडा 230 कोटी डॉलरच्या पुढे गेला. जहाज 2008 मध्ये मिळायचे होते, ते नोव्हेंबर 2013 मध्ये मिळाले. मी याला फसवणूक म्हणणार नाही. भिंतीवरचे पॅनेल उघडल्याशिवाय आतल्या केबलची अवस्था कळत नाही आणि जहाजाचे पॅनेल करारावर सही झाल्यानंतरच उघडतात, हे त्याचे मोठे कारण आहे. मी ज्या एका जुन्या जहाजावर होतो (नाव देत नाही), तिथे नकाशात दाखवलेला व्हॉल्व्ह शोधण्यात आमचे दोन दिवस गेले. आधीच्या नौदलाने कधीतरी तो दुसऱ्या कप्प्यात हलवला होता आणि नकाशावर त्याची नोंदच केली नव्हती.

उत्तर | बॉयलर इंजिनिअर, धाराशिव

सरांच्या उत्तराला मी माझ्या क्षेत्रातून थोडी जोड देतो. मी साखर कारखान्यात बॉयलर पाहतो, आणि विक्रमादित्यच्या चाचणीत जे घडले ते वाचल्यावर त्या रात्री मला झोप लागली नव्हती. सप्टेंबर 2012 मध्ये समुद्रावर पूर्ण वेगाची चाचणी चालू असताना तिच्या आठपैकी सात बॉयलरमध्ये बिघाड झाला. रशियन बाजूने दिलेले कारण असे होते की भारताने ॲस्बेस्टॉस नाकारल्यामुळे आतून अग्निरोधक विटा लावल्या आणि त्या टिकल्या नाहीत. ॲस्बेस्टॉस नाकारणे योग्यच होते, कारण ते फुप्फुसाचे शत्रू आहे. पण मूळ रचना एका साहित्यासाठी केलेली असताना त्या जागी दुसरे साहित्य घातले की काय होते, ते आम्ही दर हंगामात पाहतो. नव्या विटा लावल्यावर काही दिवस मंद आचेवर भट्टी सुकवावी लागते. अग्निप्रदीपनाचा मुहूर्त जवळ आला म्हणून ती सुकवणी उरकली, तर विटेतल्या ओलाव्याची वाफ होते आणि वीट तडकते.

ज्या कारखान्यात मी पूर्वी होतो, तिथे बंद पडलेल्या एका कारखान्याचा बॉयलर स्वस्तात आणला होता. रंग चकचकीत होता, नवे मीटर बसवलेले होते. गाळपाच्या दुसऱ्याच आठवड्यात ट्यूब (बॉयलरमधली पाण्याची नळी) फुटली, मिल थांबली, आणि दोन दिवस उसाचे ट्रॅक्टर गेटबाहेर उन्हात उभे राहिले. ऊस वाळतो, वजन घटते आणि शेतकऱ्याचे पैसे जातात. ट्यूबची जाडी अल्ट्रासॉनिक यंत्राने मोजली होती, पण हात पोचेल तेवढ्याच ठिकाणी; ट्यूब फुटली ती ड्रमजवळच्या (बॉयलरच्या पाणी-वाफेच्या टाकीजवळच्या) वळणावर. आमच्याकडे निदान बॉयलर निरीक्षक सही करेपर्यंत चूल पेटत नाही. परदेशी जहाज घेताना आपला माणूस त्या वळणापर्यंत पोचतो का, हाच माझ्या मते खरा प्रश्न आहे. मुलांनी किमतीवर भांडण्याआधी तो विचारावा.

जुन्या विक्रांतचेही एक उदाहरण मुलांना सांगा. 1971 च्या युद्धात तिच्या चार बॉयलरपैकी एक तडा गेल्याने निकामी होता आणि ती पूर्ण वेगाने धावू शकत नव्हती. तरीही 4 डिसेंबरपासून तिच्या विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले. तिचा माग काढत आलेली पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडीसुद्धा अमेरिकेने वापरलेली होती, आणि ती विशाखापट्टणमजवळ बुडाली.

उत्तर | वाळूजकर

वरील दोन्ही उत्तरे आदराने वाचली, तरी माझे मत थोडे वेगळे आहे. मी वाळूज एमआयडीसीत सुटे भाग बनवतो. जुने यंत्र घेताना मी त्याची किंमत नंतर विचारतो. त्याचा भाग आणखी पंधरा वर्षे कोण बनवणार आहे, हे आधी विचारतो. दक्षिण अमेरिकेत याची दोन बोलकी उदाहरणे आहेत. चिलीने 2005 मध्ये ब्रिटनकडून ‘टाइप 23’ जातीच्या तीन वापरलेल्या फ्रिगेट (मध्यम आकाराच्या युद्धनौका) घेतल्या. पुढे ब्रिटिश नौदलाने स्वतःच्या टाइप 23 वरचे जुने सी वुल्फ हे विमानवेधी क्षेपणास्त्र काढून नवे सी सेप्टर बसवले आणि चिलीनेही त्याच वाटेने जाऊन आपल्या नौकांवर तेच बसवले. मूळ मालक जी सुधारणा स्वतः करत आहे तीच आपण केली, तर भाग मिळतात, नकाशे मिळतात आणि चुका आधीच कुणीतरी केलेल्या असतात. उलट ब्राझीलने 2000 मध्ये फ्रान्सचे ‘फॉश’ हे विमानवाहू जहाज घेतले, ज्याची जातच तिकडे मोडीत निघत होती. 2005 मध्ये त्यावर वाफेच्या नळीचा जीवघेणा स्फोट झाला, पुढची बहुतेक वर्षे ते गोदीतच राहिले, आणि शेवटी आतल्या ॲस्बेस्टॉसमुळे कोणतेही बंदर घेईना म्हणून फेब्रुवारी 2023 मध्ये ते अटलांटिकमध्ये बुडवावे लागले.

आपल्या महालेखापरीक्षकांनी 2009 मध्ये विक्रमादित्यबद्दल लिहिले होते की मर्यादित आयुष्याचे हे वापरलेले जहाज नव्यापेक्षा 60 टक्के महाग पडत आहे. ते वाक्य मला आजही बोचते, कारण तो पैसा आपल्या गोद्यांत आणि आमच्यासारख्या कारखान्यांत आला असता. 2 सप्टेंबर 2022 रोजी दाखल झालेली नवी विक्रांत कोचीत सुमारे 20,000 कोटी रुपयांत बांधली गेली आणि तिच्यातला देशी वाटा 76 टक्के आहे. पण ती बांधायला लागलेल्या वर्षांत समुद्र रिकामा ठेवता आला नसता, हेही मी मान्य करतो. अमेरिकेकडून 2007 मध्ये घेतलेल्या जलाश्व या वापरलेल्या नौकेवरही लेखापरीक्षकांचे ताशेरे होते, आणि त्याच जलाश्वने मे 2020 मध्ये मालदीवच्या मालेहून 698 भारतीयांना कोचीला आणले.

शिक्षिका, सेलू

तिघांचेही मनापासून आभार. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. दुसरा अजून बाकी आहे: विराटवर पुढे इस्रायली बराक क्षेपणास्त्रे बसवली गेली असे वाचले. मग जुन्या नौकेला नवे कवच देणे तेवढे अवघड नसावे, असे म्हणायचे का?

उत्तर | निवृत्त आर्टिफिसर, औसा

ताई, विराटसारख्या मोठ्या जहाजाला जागा आणि वजन दोन्ही परवडते. छोट्या नौकेचे तसे नसते. नवे रडार उंच डोलावर जाते, आणि उंचावर चढवलेला एक टन तळातल्या एका टनापेक्षा नौकेच्या तोलाला फार जड पडतो. मग खाली वजन भरावे लागते, जहाज पाण्यात खोल बसते आणि वेग घटतो. शिवाय नव्या यंत्रांना वीज आणि थंड पाणी लागते, जे जुन्या जनरेटरांच्या आणि शीतयंत्रांच्या हिशेबात कधी धरलेलेच नसते. आयएनएस राजपूत याबाबतीत चांगले उदाहरण आहे. 1980 मध्ये ती आपल्यासाठी नवीच बांधलेली होती. तिच्यावर ब्राह्मोस आले ते जुन्या क्षेपणास्त्रांचे नळकांडे काढून त्याच जागी, म्हणून ते जमले, आणि 2021 पर्यंत ती सेवेत राहिली. जेवढे उतरवले तेवढेच चढवायचे, हा गोदीतला जुना नियम आहे.

मुलांना समजावायला एक दृश्य सांगतो. असे मोठे काम झाले की शांत पाण्यात जहाजाची झुकाव चाचणी घेतात. डेकवर मोजलेली वजने एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकवतात आणि आत लांब दोरीला टांगलेला ओळंबा किती हलतो ते पट्टीवर मोजतात; त्याचा गोळा पाण्याच्या किंवा तेलाच्या भांड्यात बुडवलेला असतो, म्हणजे तो झुलत राहत नाही. गवंडी भिंत सरळ आहे का पाहतो तोच ओळंबा. तो हिशेबापेक्षा जास्त हलला, तर वरचे काहीतरी उतरवावे लागते, मग ते कितीही महागाचे असो.

बॉयलर इंजिनिअर, धाराशिव

ताई, गाळप संपल्यावर आमचा बॉयलर वार्षिक तपासणीसाठी उघडतो. व्यवस्थापनाची परवानगी मी घेऊन ठेवतो. मुलांना घेऊन या. ड्रमच्या मॅनहोलमधून बॅटरीच्या उजेडात त्यांना ते वळण स्वतः पाहता येईल.