मदत हवी आहे: लॅपटॉप सारखा निळा पडतोय, रॅम गेली की मदरबोर्ड?

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात माझं डीटीपीचं काम आहे. लग्नपत्रिका, शाळांचे अहवाल, अधूनमधून एखादं पुस्तक. सगळं एकाच लॅपटॉपवर चालतं आणि ऐन लगीनसराईत त्याने दगा द्यायला सुरुवात केलीय. काम करता करता निळा स्क्रीन येतो नि मशीन रीस्टार्ट होतं. खाली कधी 'मेमरी मॅनेजमेंट' असतं, कधी 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया', कधी 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल'.

नुसतं बंद पडलं असतं तरी चाललं असतं. पण गिऱ्हाइकाने पाठवलेली फोटोंची झिप उघडताना 'सीआरसी एरर' (म्हणजे फाइलीतला डेटा बिघडलाय असा इशारा) आला, रीस्टार्ट करून तीच झिप उघडली तर व्यवस्थित उघडली. एका फोटोत नवरदेवाच्या फेट्यापर्यंत सगळं ठीक, आणि त्याखालचा भाग हिरवट होऊन बाजूला सरकलेला. मूळ फोटो मोबाइलवर अगदी स्वच्छ दिसतो.

विंडोज नव्याने टाकून पाहिलं, फरक नाही. एका दुकानात दाखवला तर मशीन न उघडताच 'मदरबोर्ड गेलाय' म्हणाले, आणि खर्च असा सांगितला की त्यात सेकंडहँड लॅपटॉप येईल. मला हे पटत नाहीये.

विंडोज ११ आहे, डीडीआर४ प्रकारची रॅम, ती बसवायचे दोन स्लॉट. एक ८ जीबी कंपनीची, दुसरी ८ जीबी नंतर बसवून घेतलेली. विंडोजची मेमरी टेस्ट लावली होती, त्यात काही सापडलं नाही. मग रॅम चांगली आहे असं धरायचं का? आणि या काळात सेव्ह केलेल्या फाइलींवर कितपत विश्वास ठेवायचा?

प्रतिसाद:

दादा, मदरबोर्डवर एक रुपयाही घालू नका अजून. दर वेळी वेगळा कोड येतोय यावरूनच पहिला संशय रॅमवर जातो. एखादा ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा प्रोग्रॅम) बिघडला असेल तर बहुतेक वेळा तोच तो कोड येत राहतो. झिप दुसऱ्यांदा नीट उघडली म्हणजे डिस्कवरची फाइल शाबूत होती, मेमरीत आल्यावर बिघडली.

विंडोजची टेस्ट नेहमीच्या सेटिंगवर लवकर आटपते. त्यात एरर आला तर रॅममध्ये किंवा तिच्या स्लॉटमध्ये गडबड असण्याची दाट शक्यता, पण नाही आला म्हणून रॅम चांगली असं नाही. पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासायचा प्रोग्रॅम टाका, तो फुकट आहे. सहावी किंवा त्यापुढची आवृत्ती घ्या, कारण पाचवी यूईएफआयच्या (नव्या प्रकारच्या बायोसच्या) मशीनवर चालत नाही. सुरूच झालं नाही तर बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी प्रोग्रॅमवरून मशीन सुरू होऊ न देणारी सोय, बंद करावी लागेल. पण त्याआधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्कवरचं कुलूप) चालू आहे का बघा आणि त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. नाहीतर परत सुरू करताना मशीन तीच मागेल आणि डेटा अडकेल.

टेस्ट रात्रभर चालू द्या. एक जरी एरर आला तरी तो सोडून देऊ नका. दोन्ही रॅम घालून एरर आला तर स्क्रीनवरच्या पत्त्यावरून दोषी कोण ते ठरवू नका. दोन रॅम जोडीने चालतात तेव्हा (ड्युअल चॅनेल) डेटा आलटून पालटून दोन्हींवर जातो. एकेक रॅम एकटी घालून तपासा. जिच्यात एरर येईल ती दुसऱ्या स्लॉटमध्ये घालून बघा. दोन्हीकडे एरर म्हणजे रॅम खराब. एकाच स्लॉटमध्ये कुठलीही रॅम घातली तरी एरर येत असेल, तर मात्र दुकानदाराचं म्हणणं खरं असू शकतं.

प्रतिसाद:

वरच्या दादांशी सहमत. उघडण्याबद्दल थोडं सांगते. शिफ्ट दाबून शटडाउन करा, चार्जर काढा, मागचं झाकण काढलं की सगळ्यात आधी बॅटरीचं कनेक्टर सोडवा. काही मॉडेलमध्ये एकदोन स्क्रू रबरी पायांखाली लपलेले असतात, झाकण उचकटू नका. रॅमच्या दोन्ही बाजूंच्या क्लिपा बाहेर सरकवल्या की ती आपोआप तिरकी वर येते. बसवताना तशीच तिरकी, सोनेरी पट्टी जवळजवळ दिसेनाशी होईपर्यंत आत सरकवा आणि मग 'टक' आवाज येईपर्यंत खाली दाबा. रॅम बदलल्यावर पहिल्यांदा स्क्रीन बराच वेळ काळा राहू शकतो, घाबरून पॉवर बटण दाबू नका.

फाइलींचं म्हणाल तर ज्या नुसत्या डिस्कवर पडून होत्या, उघडून सेव्ह केल्या नाहीत, त्यांना सहसा धोका नाही. या काळात सेव्ह, कॉपी किंवा एक्स्पोर्ट केलेली प्रत्येक फाइल संशयित धरा. आणि कळकळीने सांगते, रॅम बदलेपर्यंत जुन्या बॅकअपवर नवा बॅकअप चढवू नका. चांगल्या प्रतीवर बिघडलेली प्रत बसली तर हातात काहीच उरणार नाही.

धागाकर्ता:

दोघांचे मनापासून आभार. नंतर बसवलेली रॅम दोन्ही स्लॉटमध्ये एरर देतेय. कंपनीची रात्रभर चालली, एकही एरर नाही. म्हणजे मदरबोर्ड ठणठणीत! सध्या ८ जीबीवर काम चालवतोय, मोठं पुस्तक उघडलं की हळू होतं, पण निळा स्क्रीन आलेला नाही. भाऊ मुंबईत असतो, त्याला तिथल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून नवी आणायला सांगू का?

प्रतिसाद:

आधी खराब रॅमवरचा सिरियल नंबर तिच्या कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी बघा. रॅमला बऱ्याच कंपन्या अनेक वर्षांची वॉरंटी देतात, बदलून मिळाली तर खर्चच नाही. स्टिकर मात्र काढू नका. विकतच घ्यायची झाली तर भावाला चालू रॅमचा फोटो पाठवा आणि डीडीआर४, लॅपटॉपची, २६० पिनची, १.२ व्होल्टची असं स्पष्ट सांगा. डेस्कटॉपची लांब असते, आणि डीडीआर३ किंवा डीडीआर५ची खाच वेगळ्या जागी असल्याने ती बसणारच नाही. ३२०० वेगाची मिळाली तरी हरकत नाही, जुनी २६६६ची असेल तर दोन्ही सहसा २६६६च्याच वेगाने चालतील. नवी आली की कामाला लावायच्या आधी तीही रात्रभर तपासा, आणि बिल जपून ठेवा.

धागाकर्ता:

वॉरंटी अजून शिल्लक दिसतेय, आजच अर्ज करतो. या महिन्यात छपाईला गेलेल्या पत्रिकांच्या पीडीएफ मूळ फाइलींवरून पुन्हा काढून ओळ न् ओळ तपासायला बसलोय. अजून छपाईची प्लेट न झालेल्या तीन पत्रिका प्रेसला फोन करून थांबवल्यात.