मदत हवी आहे: भाचीला मुंबईच्या गप्पांच्या शोचं बोलावणं आलंय, सही करण्याआधी काय बघायचं?

पंचगंगाकाठ
कोल्हापूर, मंगळवार पेठ. भाची 9 वर्षांची, चौथीत. लाठी आणि दांडपट्टा खेळते. शिवजयंतीच्या मिरवणुकीतली तिची क्लिप सगळीकडे फिरली आणि आता एका हिंदी गप्पांच्या शोमधून फोन आलाय. शूटिंग पुढच्या महिन्यात गोरेगावला. प्रवास-राहणं त्यांच्याकडे, मानधन नाही. सहा पानी इंग्रजी करार आलाय. दाजी म्हणतात, "तूच सही कर, तुला इंग्रजी येतं." परवानगी कोणाची लागते? पैशाचं काय? शोमधली क्लिप आपल्या चॅनेलवर टाकता येते का? आणि दांडपट्टा स्टुडिओत कितपत सुरक्षित?

कलमवाचक
पहिली गोष्ट, सही मामाने करायची नाही. अल्पवयीन मुलाशी केलेला करार आपल्याकडे रद्दबातल धरतात (1903 चा मोहरी बीबी खटला, अजून तोच आधार). त्यामुळे पालक म्हणून आई किंवा वडीलच सही करणार. तुम्ही फार तर साक्षीदार.

परवानगीसाठी कोल्हापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊ नका, फेरी फुकट जाईल. बालकामगार कायद्याखालच्या नियमांनुसार (2017 ची दुरुस्ती) जिथं शूटिंग, त्या जिल्ह्याच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याने काढायची असते. गोरेगाव म्हणजे मुंबई उपनगर, कार्यालय वांद्रे पूर्वला. निर्माता नमुना 'सी'मध्ये हमीपत्र देतो. सोबत मुलांची यादी, पालकांची संमती आणि सुरक्षेची जबाबदारी असलेल्या माणसाचं नाव. हमीपत्र 6 महिने चालतं. त्याची प्रत मागा. "एकाच दिवसाचं शूट आहे, लागत नाही" असं हमखास ऐकवतात. लागतं.

याच नियमांत दिवसाला 5 तासांच्या वर काम नाही, सलग 3 तासांच्या वर विश्रांतीशिवाय नाही, आणि एका जबाबदार माणसाकडे जास्तीत जास्त 5 मुलं. तास कॅमेऱ्यासमोरचे की मेकअपला बसवल्यापासूनचे, यावरून सेटवर वाद होतो. म्हणून करारातच लिहून घ्या: "स्टुडिओत पोचल्यापासून". तिचं शूटिंग संध्याकाळी 7 च्या आत संपवायचं, हेही घाला. मुलीने आयत्या वेळी नको म्हटलं तर तिच्यावर जबरदस्ती करता येत नाही, हाही नियमच आहे. दाजींना तेवढा वाचून दाखवा.

राजारामपुरी_सीए
मानधन नाही म्हणतायत ते बदलून घ्या. मुलाच्या कमाईतला किमान 20 टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत टाकावा लागतो आणि तो सज्ञान झाल्यावर त्याच्या हाती येतो. कमाईच शून्य दाखवली की ठेवही शून्य. रक्कम छोटी असली तरी "मानधन" म्हणून वेगळ्या ओळीत असू द्या. प्रवासखर्च त्यात मिसळू नका.

मुलीचं पॅन काढा. त्यावर तिचा फोटो-सही येत नाही, अर्ज पालक करतात. बँक खातंही पालकांनी चालवायचं.

कराचं लोक नेहमी उलटं सांगतात. मुलाने स्वतःच्या कौशल्यावर मिळवलेलं उत्पन्न आई-वडिलांच्या उत्पन्नात धरत नाहीत, ते मुलाचं स्वतंत्र. पण त्याच पैशाच्या ठेवीवरचं व्याज मात्र ज्या पालकाचं उत्पन्न जास्त, त्याच्यात जातं. लोकांनी कौतुकाने यूपीआयवर पाठवलेले पैसे वर्षात 50 हजारांच्या वर गेले तर सगळेच करपात्र, आणि ते कौशल्याची कमाई नसल्याने पालकांच्याच माथी. स्क्रीनवर क्यूआर कोड झळकवण्याचा मोह आवरा. पुढं कधी स्पर्धेच्या शोमध्ये बक्षीस मिळालं तर सरळ 30 टक्के आणि वर सेस, पाटीवर लिहिलेला आकडा हातात पडत नाही.

खोबळा
दांडपट्ट्याचं मी सांगतो. मनगटापासून पात्याचं टोक आणि वर मुलीच्या हाताची लांबी धरा, 9 वर्षांच्या मुलीला 5 फूट त्रिज्या सहज लागते. 15 बाय 15 फूट मोकळी जागा आणि 12 फूट उंची सांगा. स्टुडिओत घात करतात दोन गोष्टी. एक, गुळगुळीत चकचकीत फरशी. तालमीतल्या तांबड्या मातीवर पाय रोवायची सवय असलेलं पोर गिरकीला तिथं सरकतं. रबरी मॅट मागा आणि तिला अनवाणीच खेळू द्या. दोन, डोक्यावरून फिरणारा जिब कॅमेरा. खेळ चालू असताना तो बाजूला थांबवायला लावा.

पातं बिनधारीचं न्या. मग ते लोक लिंबू कापायचा हट्ट धरतील, तोही माणसाच्या तळहातावर ठेवून. बिनधार पात्याने लिंबू कापत नाही, ते उडतं, आणि मुलगी दुसऱ्यांदा जास्त जोर लावते. तिथंच मनगट फिरतं. आधीच लेखी नाही म्हणा. 40 सेकंदांचा एक डाव, असे तीनच टेक.

खेळ आधी, गप्पा नंतर. कॉलर माईकची डबी कमरेला शेल्यात खोचतात. गिरकीत ती सुटून तारेसकट लोंबते आणि पोर तिकडं बघायला लागतं. वस्तादांचं तिकीट मागायला लाजू नका, "थांब" म्हणायचा अधिकार सेटवर त्यांच्याकडेच हवा. पट्टा महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या बर्थखाली टाकून नेऊ नका, खोळीत घालून प्रॉडक्शनच्या गाडीने पाठवा आणि तालमीचं पत्र सोबत द्या.

कट_टू
करारात "कायमस्वरूपी, सर्व माध्यमांत, जगभर" हे शब्द असणारच, ते सहसा काढत नाहीत. त्यावर डोकं आपटू नका. काढून घ्यायचं ते हे: सहा महिने दुसरीकडे जायचं नाही ही अट (प्रसारणानंतर 30 दिवसांवर आणा), मुलीच्या जीवनकथेचे हक्क, आणि तिचा चेहरा-आवाज वापरून नवीन काही तयार करण्याची मुभा. आणखी एक ओळ घाला, घरची गरिबी-आजारपण दाखवणारं चित्रण पालकांच्या लेखी होकाराशिवाय नाही. शूटिंगआधी रीसर्च टीमचा फोन येतो, तो गप्पा म्हणून घेऊ नका. तिथं निघालेली प्रत्येक गोष्ट सूत्रसंचालकाच्या कार्डावर जाते. उत्तरं पाठ मात्र करून घेऊ नका, पाठ केलेलं पोर टीव्हीवर लगेच कळतं.

क्लिप त्यांची. जशीच्या तशी चढवली तर कॉपीराइटचा स्ट्राइक येईल, 90 दिवसांत तीन झाले की चॅनेल जातं. 60 सेकंदांचा तुकडा वापरायची परवानगी करारातच घ्या. यूट्यूब-इन्स्टाग्रामला 13 वर्षांची अट आहे, त्यामुळे खातं आईचं, आणि तसं परिचयात लिहिलेलं. टिप्पण्या बंद. शाळेचा गणवेश, घराचा दरवाजा, तालमीचा वार-वेळ व्हिडिओत नको.

आणि एका शोवर घडी बसते असं धरू नका. ग्रेसन चान्स हा अमेरिकेतला गाणारा मुलगा 2010 मध्ये 12 वर्षांचा असताना एलेन डीजेनेरेसच्या तिथल्या गप्पांच्या शोवर झळकला, तिच्याच संगीत कंपनीशी करार झाला. 2022 मध्ये त्यानेच मुलाखतीत सांगितलं की यश ओसरल्यावर आपल्याला वाऱ्यावर सोडलं.

पंचगंगाकाठ
सगळ्यांचे आभार. दाजींना धागा वाचायला दिला, सही ताई करणार. अजून एक. काल दुसऱ्या एका "चॅनेल"चा फोन आला, निवड झालीय, नोंदणीचे साडेचार हजार भरा म्हणे.

कट_टू
भरू नका. बोलावणारा निर्माता पाहुण्याकडून पैसे घेत नाही. नंबर आणि मेसेजचे स्क्रीनशॉट ठेवा. पैसे आधीच गेले असतील तर लगेच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा.