मदत हवी आहे: दोरी तिसऱ्यांदा तुटली, शनिवारपर्यंत कोणती घेऊ?

बाळे_बायपास
महिन्यात तिसऱ्यांदा मोठा मासा हातचा गेला. लागतो, पळतो, दहा-पंधरा सेकंद ओढाताण होते आणि एकदम रॉड हलका. परवाचा चांगलाच जड होता, मनगट अजून दुखतंय. रविवारी पहाटे परत निघायचंय. नवी दोरी घेणार हे नक्की, पण ब्रेड (बारीक धाग्यांची विणलेली दोरी) घेऊ की नायलॉन? जाडी किती? बजेट दीड हजार. जरा लवकर सांगा, दुकान शनिवारी रात्री बंद होतं.

भीमाकाठ
बसता कुठं? मासा कुठला? सध्या किती जाडीची आहे? कटला वरच्या पाण्यात खातो, रोहू मधल्या, मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) तळाला. सगळ्यांना एकच उत्तर नाही.

बाळे_बायपास
उजनी, करमाळ्याकडची बाजू. मासा वर आलाच नाही तर कुठला ते कसं सांगू? गळ तळाला होता, उकडलेला मका लावला होता. दोरी नायलॉन, ०.३५ मिमी. रॉड नऊ फुटी, रील ५००० साइजची. आता सांगा.

कार्पवेडा_पुणे
तळाला मका आणि सुसाट पळ, म्हणजे बहुतेक सायप्रिनस. डोळे झाकून ब्रेड घ्या. त्याच जाडीत नायलॉनच्या दुपटीहून जास्त ताकद असते. मी भिगवणला तीन वर्षं तीच वापरतोय, एकदाही तुटली नाही.

तंगूसच_बरा
पुणेकर, भिगवणला तुम्ही चिखलात बसता. करमाळ्याकडे पाणी उतरलं की जुन्या बांधांचे दगड आणि वेड्या बाभळीची खोडं पाण्याखाली असतात. ब्रेडचे बारीक धागे दगडावर घासले की क्षणात जातात. शिवाय ब्रेडला ताण नाही. मासा काठाजवळ येऊन शेवटचा हिसका देतो तेव्हा गळ ओठ फाडून बाहेर येतो. तंगूस, म्हणजे नायलॉन, ताणला जातो, तो हिसका पोटात घेतो. ०.४० चा घ्या आणि निवांत राहा.

कार्पवेडा_पुणे
म्हणून तर पुढं चार-पाच मीटर नायलॉन जोडायचा असतो. दगडाला घासेल तो नायलॉन, लांब फेकायला ब्रेड. सगळीकडे असंच करतात.

तंगूसच_बरा
आणि ती जोडगाठ रॉडच्या रिंगांमधून अडकत जाते त्याचं काय? नवशिक्याला कशाला दोन दोऱ्या आणि तीन गाठी?

बाळे_बायपास
मी नवशिका नाही, आठ वर्षं गळ टाकतोय. दोघं मिळून एक काहीतरी ठरवा.

पेंडवाला
दोरीचं ऱ्हाऊ द्या ओ, चारा काय लावायलाव ते म्हत्त्वाचं हाय. शेंगदाण्याची पेंड रात्रभर भिजवा, सकाळी त्यात भाजलेलं ज्वारीचं पीठ, जरा बडीशेप कुटून. गोळा असा मळा की पाण्यात पाच-दहा मिनिटांत सुटला पायजे. स्प्रिंगवर थापा आणि चारी अंगानं बारके गळ त्यात खुपसा. मका लावून काय हुतंय?

बाळे_बायपास
अण्णा, मासा लागतोय हो. लागल्यावर जातोय. चाऱ्याचं मी विचारलंच नाही.

पाणी_आणि_वायर
दोरीबद्दल मला सांगता येणार नाही, पण एक ऐका. रॉड कार्बनचा असेल तर वर बघितल्याशिवाय फेकू नका. करमाळा, माढा, इंदापूर, सगळ्या काठानं शेतीपंपांच्या तारा लोंबतात आणि कार्बनमधून वीज जाते. ओल्या हातात नऊ फुटी रॉड म्हणजे तारेपर्यंत पोचलेला हात. बोटीतून जाणार असाल तर लाइफ जॅकेट घाला. मे २०२४ मध्ये याच पाण्यात कळाशी-कुगाव दरम्यान बोट उलटून सहा जीव गेले. आणि ज्या संस्थेकडे त्या पाण्याचा मासेमारीचा ठेका आहे तिला आधी विचारून बसा.

बाळे_बायपास
काठावरूनच बसतो, विचारून बसतो. तारांचं ध्यानात ठेवतो. पण दोरी?

जुना_फिटर
दोरी घ्यायच्या आधी तुटलेल्या टोकाकडे बघा. तीन प्रश्न आहेत, तिन्हींची उत्तरं द्या.

तुटलेलं टोक कसं आहे? डुकराच्या शेपटीसारखं वेटोळं झालं असेल तर गाठ सरकली आहे. गाठ आवळायच्या आधी थुंकीनं ओली केली नाही की नायलॉन घर्षणानं तापतो आणि तिथंच कमजोर होतो. टोक खरबरीत, पिंजल्यासारखं असेल तर दोरी कुठंतरी घासते आहे. टोक स्वच्छ आहे पण बोटांनी ताणून बघितल्यावर दोरी कटकन तुटते, तर ती उन्हानं मेली आहे.

दुसरं, तुटते कुठं? गळापाशी, मधे पाण्यात की रॉडच्या शेंड्यापाशी?

तिसरं, ड्रॅग, म्हणजे किती ओढीला रील दोरी सोडते, तो किती ठेवता? ०.३५ चा नायलॉन साधारण आठ-नऊ किलोचा असतो. ड्रॅग त्याच्या पाव ते तिसरा हिस्सा, म्हणजे अडीच किलोच्या आसपास. अंदाजानं नको. सामान मोजायचा ताणकाटा दोरीला बांधा, रॉड वाकवा आणि किती किलोला रीलवरचा दोरीचा स्पूल फिरतो ते बघा.

बाळे_बायपास
आत्ता बघितलं. टोक खरबरीत आहे, मागचा हात-दीड हात पण पांढुरका आणि केसाळ. गाठीपाशी नाही. तिन्ही वेळा गळ आणि शिसं दोरीच्या लांब तुकड्यासकट गेलं. शेंड्यापाशीच तुटली असणार, कारण माझ्याकडे उरलेली दोरी शेवटच्या रिंगच्या जरा बाहेर होती. ड्रॅग काट्यावर तीन किलो भरला. दोरी दिवाळीत भरलेली.

तंगूसच_बरा
बघा, दगडाला घासली. ०.४० घ्या.

जुना_फिटर
दगड शेंड्यापाशी नसतो, दादा. बाळेकर, रॉड कुठं आपटला होता का? आणि नेता कसा?

बाळे_बायपास
बाइकवर, मागं बांधून. एप्रिलमध्ये एकदा शटर लावताना शेंडा सापडला होता. पण रॉड मोडला नाही, सरळ आहे, म्हणून लिहिलं नाही.

जुना_फिटर
तेच लिहायला हवं होतं. आता वातीचा कापूस घ्या. देवघरातला चालेल. सैल पीळ करून एकेका रिंगमधून चारी बाजूंनी फिरवा. जिथं तंतू अडकतील तिथं दोरी कापली जातेय. रिंगच्या आत चिनीमातीसारखं गुळगुळीत कडं असतं. त्याला केसाएवढी चीर गेली तर डोळ्याला दिसत नाही. मासा लहान असेल तर काही होत नाही. मोठा मासा दहा सेकंदांत वीस-तीस मीटर दोरी त्याच चिरेवरून ओढतो, म्हणजे पातं लावल्यासारखंच. तुम्ही ०.४० घ्या नाहीतर ब्रेड घ्या, तेच होणार.

रीलचाही बघा. बेलच्या, म्हणजे दोरी गुंडाळणाऱ्या वाकड्या तारेच्या, टोकाला दोरीखाली बारीक रोलर असतो, तो बोटानं फिरला पाहिजे. उजनीच्या मातीनं तो जाम होतो आणि दोरी एकाच जागी घासून खाच पडते.

बाळे_बायपास
शेंड्याच्या रिंगमध्ये कापूस अडकला! भिंगातून बघितलं, कड्याला आरपार चीर आहे. बाकीच्या रिंगा ठीक. रोलरही फिरत नव्हता, कंगव्याच्या दाताइतकी माती निघाली. तीन मासे या एवढ्याशा चिरेपायी गेले, फार वाईट वाटलं. आता नवा रॉड?

जुना_फिटर
नवा रॉड कशाला. शेंड्याची रिंग सुटी मिळते. शेंड्याची जाडी मोजून न्या, नळीचा आतला व्यास जुळायला हवा. जुनी काढताना लायटर फक्त धातूच्या नळीवर, दोन-तीन सेकंद, मग फडक्यानं धरून सरळ ओढा. पिळू नका. कार्बनला आच लागली तर शेंडा कायमचा गेला.

कार्पवेडा_पुणे
बसवताना अराल्डाइट लावा, हलणार नाही.

जुना_फिटर
हलणार नाही आणि पुढच्या वेळी निघणारही नाही. गोंदाच्या कांडीचा तुकडा वितळवून लावा. रिंग रांगेत नसेल तर परत गरम करून फिरवता येते.

भीमाकाठ
आणि मासा आला तर ठेवणार कशावर? मी सोलापुरी चादर भिजवून अंथरतो.

तंगूसच_बरा
चादर खरखरीत, अंगावरची बुळबुळ निघते. ती गेली की सोडलेल्या माशाला जखमेतून बुरशी लागते. गुळगुळीत ताडपत्री ओली करून त्याखाली गवत घाला. चिलापीला चालेल चादर, ती तशी पण कढईतच जाणार.

बाळे_बायपास
रविवार रात्र. रिंग शनिवारी नव्या पेठेत मिळाली, फिटरकाकांनी सांगितली तशीच बसवली. दोरी तीच ठेवली, फक्त पुढची पन्नास मीटर कापून घरी आणून टाकली. काठावर टाकली तर पक्ष्यांच्या पायात गुंतते. रोलरला तेलाचा एक थेंब. पहाटे साडेपाचला बसलो, आठपर्यंत काही नाही, मग रॉडला बांधलेलं घुंगरू वाजलं. ड्रॅगनं तीनदा दोरी दिली आणि तीनदा परत घेतली. सायप्रिनसच होता, ताणकाट्यावर चार किलो शंभर. ओल्या ताडपत्रीवर ठेवून फोटो काढला आणि सोडला. पेंडवाले अण्णा, मक्यालाच लागला.

पेंडवाला
पेंडीला आठ किलोचा लागला असता.