बोरीवरचे लाखेचे किडे हलेनासे झाले, मेले की काय?

रानवाट:
दिवाळीनंतर दोन बोरी आणि तीन पळसांवर रंगीनी जातीची बीजलाख, म्हणजे पिल्लं निघायला आलेल्या लाखेच्या काड्या, बांधली. दोन-तीन दिवस फांद्यांवर लाल रवा सांडल्यागत किडे फिरत होते. आज दहावा दिवस, एकही हलत नाही. जून फांद्या तर कोऱ्याच. थंडीनं मेले का? मुंगळेही चढलेत, पावडर मारू?

पळसकाका:
पावडर अजिबात नको! किडे मेले नाहीत, बसलेत. लाखेची मादी जन्मात एकदाच चालते, ते हेच दिवस. कोवळी साल मिळाली की सोंड खुपसते, आणि पहिली कात टाकताना पायही जातात. मग रस ओढायचा तिथंच, अंगावर लाख चढवायची तिथंच, पिल्लं द्यायची तीही तिथंच. जाड सालीत त्या केसाएवढ्या सोंडेला रस लागत नाही, म्हणून जून फांदी कोरी. आपण छाटणी करून नवे धुमारे आणतो ते याचसाठी.

भिंगातून बघत राहा. ठिपक्यांतून पांढरे, कापसासारखे धागे निघाले की समजा जीव आहे. त्यांच्यामुळे श्वासाची भोकं बुजत नाहीत. मुंगळे किड्याच्या गोड चिकट्यासाठी येतात.

पुढं चपलेच्या आकाराचे लांबट कोश दिसतील, ते नरांचे. बाहेर पडून तीन-चार दिवसांत माद्या फळवतात नि मरतात. लाखेचा खरा थर त्यानंतर मादीच चढवते.

वैनगंगाकाठ:
बांधलेल्या काड्या तीन आठवड्यांच्या आत उतरवा. त्यात लाख खाणाऱ्या पतंगाच्या अळ्या असतात. मी एका वर्षी तशाच ठेवल्या, तर जूनमध्ये कितीतरी फांद्यांवरची लाख आतून पोखरलेली निघाली. फार जिवाला लागलं होतं. शिवाय पळसाची पानं गळतात, मेच्या उन्हात किडा होरपळतो. माझा भरवसा बोरीवर.

रानवाट:
भिंग आणलं. बोरीवर पांढरे धागे आहेत! किती बरं वाटलं सांगू. पुढच्या खेपेला पळसावर कुसुमी ही लाखेची दुसरी जात बांधू का?

पळसकाका:
नको. कुसुमीला कुसुमाचं (कोसंबाचं) झाड किंवा बोर द्या, पळस तिला मानवत नाही. आणि हेच पीक जून-जुलैत बियाण्याला ठेवणार असाल तर घाई करू नका. मादीच्या कोशावर मागच्या बाजूला पिवळा डाग दिसला की पिल्लं निघायला आली. फांदी तेव्हा कापायची.