१८९७च्या पुण्यातील रहस्यकथा : विधवा दुकानदारीण आणि अंगठ्याचा पुरावा

प्रश्न :
प्लेगच्या वर्षातील पुण्यावर मी एक रहस्यकथा लिहीत आहे. पतीच्या मागे किराणा दुकान चालवणाऱ्या विधवेच्या नावाचा खोटा कर्जरोखा सावकाराच्या खून झालेल्या मुनिमाच्या दप्तरात सापडतो आणि आळ तिच्यावर येतो. रोख्यावरचा अंगठा तिचा नाही, हे तेव्हा न्यायालयात सिद्ध करता आले असते का?

पहिले उत्तर :
अवघड आहे. कलकत्त्याचे अंगुलिमुद्रा कार्यालय १८९७ मध्येच सुरू झाले आणि बोटांच्या ठशांविषयी तज्ज्ञाचे मत ग्राह्य धरण्याची तरतूद पुरावा कायद्यात १८९९ मध्ये आली. त्याआधी, १८९८ मध्ये, जलपायगुडीच्या खटल्यात ठशाच्या आधारे आरोपीला चोरीसाठी शिक्षा झाली, पण खुनाच्या आरोपातून तो सुटला.

दुसरे उत्तर :
मला अंगठ्यापेक्षा दुकानाच्या मालकीची शंका अधिक वाटते. पती भावांपासून विभक्त झालेला नसेल, तर त्याचा हिस्सा भावांकडे जाईल आणि तिला केवळ अन्नवस्त्र मिळेल. तो विभक्त असला, तरी तिचा हक्क हयातीपुरताच. कायदेशीर निकड असल्याखेरीज तिने काढलेले कर्ज पुढच्या वारसांवर बंधनकारक होत नाही. त्यामुळे विभक्त झाल्याची फारखत नाहीशी करण्यात सर्वाधिक लाभ दिराचा आहे. त्या वर्षी प्लेगच्या घरझडत्यांमध्ये लोकांचे सामान जाळले जात होते, तेव्हा कागद कोठे गेला हे त्याला कोणी विचारणार नाही.

प्रश्नकर्ता :
दिराचा मी विचारच केला नव्हता. माझ्या कच्च्या खर्ड्यात तो फक्त शोक करतो. मात्र मग रोखा खोटा असल्याचे उघड कशाने करावे?

तिसरे उत्तर :
वह्यांनी. १८७२च्या पुरावा कायद्याचे ३४वे कलम तेव्हा सांगत होते की, नियमित ठेवलेल्या हिशेबाच्या नोंदी विचारात घेता येतात, पण केवळ त्यांवरून कोणावर देणे लादता येत नाही. म्हणून सावकाराला रोख्याच्या जोडीला रोजकीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही) आणि खतावणी (खातेवार वही) दोन्ही हजर कराव्या लागतील. खतावणीत मागाहून एक ओळ घुसवणे सोपे. रोजकीर्दीत मात्र त्या दिवसाची शिल्लक दुसऱ्या दिवशी पुढे ओढलेली असते, त्यामुळे पुढची सगळी पाने बदलावी लागतात. शिवाय मोडीतील त्या नोंदी शक आणि तिथी घालून होत. खोटी नोंद करणाऱ्याने घाईत क्षय झालेली (कोणत्याही सूर्योदयाला नसल्याने गाळली गेलेली) तिथी लिहिली, तर पंचांग उघडताच तो पकडला जाईल, आणि मुनिमाच्या हाताने अशी चूक झाली नसती.